अँबॅसिडर मार्क फोरचं टायमिंग घरी लावलं, त्याच्या नोंदी

गाडी १९८४ ची अँबॅसिडर मार्क फोर, पेट्रोल, १४८९ सीसीचं जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन. आबांनी १९९१ ला सेकंडहँड घेतली, तेव्हापासून कोल्हापुरात आमच्याच दारात आहे. काम एवढंच होतं की इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडायची वेळ, नीट लावायचं, एका रविवारात होईल असं धरलं होतं, प्रत्यक्षात सहा आठवडे गेले. ज्यांच्याकडे सीबी पॉइंटवाली (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) जुनी गाडी आहे आणि घरीच करायचंय त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहितोय, चुकलेलं पण सगळं.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

भाऊबीजेला ताईकडे पन्हाळ्याला गेलो होतो तेव्हाच ठरवलं. केर्लीपर्यंत गाडी ठीक, वाघबीळच्या पुढे चढ लागला तसा थर्डमध्ये जीवच नाही, सेकंड टाकून रडतखडत वर. टेंपरेचरचा काटा गरमकडे, आणि उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमध्ये फाट फाट. ही सगळी टायमिंग मागे असल्याची लक्षणं आहेत, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, पेट्रोल जळता जळता बाहेर जातं, ताकद चाकाला मिळायच्या ऐवजी रेडिएटर आणि सायलेन्सर तापतात.

दोन वर्षांपूर्वी चढाला इंजिन खटखटायचं म्हणून एका गॅरेजला दाखवली होती. तिथं डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो तो भाग) ढिला करून कानाने ऐकत ऐकत फिरवून दिला, दहा मिनिटांत काम झालं, खटखट गेली. ओढ पण तेव्हाच गेली, ते आता कळतंय.

आज फक्त मार्क शोधले. माझ्या गाडीत पुलीला एक खाच आहे आणि टायमिंग कव्हरला खालच्या बाजूने तीन दात आहेत, लांब दात म्हणजे टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा), आखूड दोन म्हणजे त्याच्या आधीचे ५ आणि १० डिग्री. हे पुलीच्या खाली आहेत, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, मी अर्धा तास वरूनच टॉर्च मारत होतो. गाडीखाली झोपलो तर चाळीस वर्षांचं तेल आणि माती एकजीव झालेली. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल आणि जुना टूथब्रश वापरला. सव्वा तासाने खाच दिसली. खाचेत पानाचा चुना भरला, ट्यूबमधला, तो वाळला की पांढराशुभ्र दिसतो आणि इंजिन चालू असतानासुद्धा निघत नाही. दातांनाही लावला.

२ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस फुकट गेला आणि चूक पूर्ण माझी.

चारही प्लग काढले, पुढून हँडल घालून इंजिन फिरवलं. प्लग काढल्यावर हँडल एका हाताने फिरतं, गेअर न्यूट्रल असू दे. आबा खुर्ची टाकून बसले होते, मी हँडल धरल्या धरल्या म्हणाले, "आरं, अंगठा वर घेऊ नको, चारी बोटांच्या बाजूलाच ठेव. टायमिंग पुढं असलं की हँडल उलटं मारतंय, मनगट जाईल." प्लग काढलेले असताना काही होत नाही, पण सवय तीच हवी, म्हणून इथे लिहितोय.

खाच लांब दातासमोर आणली. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर रोटर (आत फिरणारा तुकडा, तो ज्या वायरकडे बघतो तिला ठिणगी जाते) एक नंबरच्या वायरकडे नाही, बरोबर विरुद्ध बाजूला, चार नंबरकडे. मी काय समजलो, की मागच्या गॅरेजवाल्याने वायरी चुकीच्या लावल्यात. झालं, चारही वायरी उपसल्या, खुणा केल्या नाहीत, आणि रोटर जिथे बघतोय तिथे एक नंबर धरून १-३-४-२ (याच क्रमाने प्लगना ठिणगी पडते) अशा पुन्हा लावल्या.

स्टार्टर मारला की कार्ब्युरेटरमधून फाडकन आवाज. परत मारला, परत तेच. एअर क्लीनर काढलेला होता, पेट्रोलचा वास भरला होता, तिथे भडका झाला असता तर अवघड होतं, म्हणून हे करताना एअर क्लीनर बसवलेला ठेवा आणि जवळ मातीची बादली. दुपारपर्यंत बॅटरी उतरली.

४ नोव्हेंबर, रात्री

उत्तर सापडलं. खाच टीडीसीला दोन वेळा येते, एकदा एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर असतो आणि एकदा एक्झॉस्टला वर असतो. मी दुसरी वेळ धरली. म्हणजे पहिल्यापासून वायरी बरोबर होत्या, मीच उलट्या केल्या.

ओळखायचं कसं तर एक नंबरच्या प्लगच्या भोकावर (रेडिएटरकडचा एक नंबर) अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला हँडल फिरवायला सांगायचं. कॉम्प्रेशनला येताना हवा अंगठा ढकलते, चांगलीच ढकलते, शंकाच राहत नाही. आबांनी दुसरी पद्धत सांगितली, टॅपेट कव्हर उघडं असेल तर चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी हलताना दिसतात, एक बंद होतोय, दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबर फायरिंगला असतो. ती जास्त पक्की, पण कव्हर काढायला लागतं.

वायरी परत होत्या तशा लावल्या. या इंजिनात रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, क्रम त्या दिशेने मोजायचा. आता प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर लिहिलाय. गाडी दुसऱ्या स्टार्टरला चालू.

९ नोव्हेंबर, रविवार

आज स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून बल्बवर. जुना पार्किंगचा १२ व्होल्टचा बल्ब घेतला, एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून डिस्ट्रिब्युटरला पातळ वायर जाते, दुसरी बॉडीला अर्थ. इग्निशन ऑन. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद, पॉइंट उघडले की बल्ब लागतो. ठिणगी पॉइंट उघडतानाच पडते, म्हणून बल्ब लागला तो क्षण म्हणजे टायमिंग.

हँडलने नेहमीच्या दिशेनेच फिरवत खाच ५ च्या दातावर आणायची. पुढे गेली तर जराशी मागे ओढून जुळवायची नाही, टायमिंग चेनमध्ये ढिलाई असते, मागे घेतलं की मार्क जुळलेला दिसतो आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट अजून तिथे आलेलाच नसतो. पुढे गेली तर परत दोन फेरे. मग डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून बॉडी आधी रोटरच्या दिशेने फिरवायची म्हणजे पॉइंट मिटतात, आणि मग उलट बाजूने हळूहळू, केसभर केसभर, बल्ब लागेपर्यंत. रोटरच्या उलट फिरवलं की ॲडव्हान्स (ठिणगी लवकर), रोटरच्या बाजूने फिरवलं की रिटार्ड (ठिणगी उशिरा), एवढं डोक्यात बसलं की पुढे कधी गोंधळ होत नाही. ५ हा आकडा मी सुरुवात म्हणून घेतला, तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकातून घ्या, कॉम्प्रेशन वेगळं असलं की तो बदलतो.

मागच्या गॅरेजचं सेटिंग बघितलं तर बल्ब टीडीसी उलटून गेल्यावर लागत होता. टायमिंग एवढं मागे.

सगळं लावलं, बोल्ट घट्ट केला, आणि मग मला आठवलं की पॉइंटची फट बघितलीच नाही. फट मोजायच्या फीलर गेजचं पान घातलं तर वीस थाऊसुद्धा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सहज जात होतं, हवी पंधरा थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फट बरोबर केली आणि टायमिंग परत तपासलं तर ते सरकलं होतं, मागे आलेलं. साहजिक आहे, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात. फट जास्त केली की लवकर. म्हणून आधी फट, मग टायमिंग, नेहमी याच क्रमाने. फट बघताना पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणारा शाफ्टवरचा उंचवटा) टोकावर बरोबर बसलेली हवी, नाहीतर माप चुकतं. परत सगळं केलं, एक तास गेला.

अजून एक चूक. चहा प्यायला आत गेलो आणि इग्निशन ऑनच राहिलं, पॉइंट मिटलेले. वीस मिनिटांनी कॉइलला हात लावला तर हात ठेववेना. नशीब कॉइल गेली नाही. आता काम थांबवलं की बॅटरीची वायर काढूनच उठतो.

संध्याकाळी केर्लीच्या पुढे चक्कर. पिकअप एकदम सुधारला, आबा मागे बसले होते ते पण म्हणाले की गाडी हलकी वाटतेय. पण पुढे चढ लागला आणि खटखट सुरू, वाटाणे पत्र्याच्या डब्यात हलवल्यासारखी, थर्डमध्ये तर सलग. ५ डिग्रीला एवढं खटखटायला नको. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा आजार तसाच आहे, तेव्हा तो फक्त टायमिंग मागे ओढून झाकला होता. मागे ओढून परत गप्प करता आलं असतं, पण आता मला कारण हवंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार संध्याकाळ

टायमिंग लाइट (एक नंबरच्या प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) मागवली, १,६५० रुपये, झेनॉनवाली, एक नंबरच्या वायरला चिमटा लावायचा, दोन क्लिप बॅटरीला. ही अंधार पडल्यावरच वापरा, उन्हात चुना दिसत नाही.

इथे जीवाचा प्रश्न आहे म्हणून नीट सांगतो. माझे मार्क खाली आहेत, म्हणजे इंजिन चालू असताना गाडीखाली झोपून तोंड फॅन-बेल्टच्या जवळ न्यावं लागतं, आणि या लाइटच्या उजेडात फिरता पंखा जवळजवळ थांबल्यासारखा, सावकाश सरकल्यासारखा दिसतो. हात सहज जाईल असं वाटतं. टॉवेल, मफलर, लांब बाह्या काही नको, जॅकवर गाडी नको, मी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागे दगड लावले. आबांना सीटवर बसवलं, मी हाक मारली की लगेच चावी बंद करायची एवढंच त्यांचं काम.

व्हॅक्युमची नळी (इंजिनच्या हवेच्या ओढीने टायमिंग पुढे नेते ती) काढून तोंड बंद केलं. आयडलला खाच ५ च्या आसपास, पण एका जागी स्थिर नाही, दोन-तीन डिग्रीत नाचतेय. आबांना थोडी रेस द्यायला सांगितली, आणि अगदी थोड्या रेसवरच खाच झटकन ॲडव्हान्सला उडाली, १० च्या दाताच्याही बरीच पुढे. नीट डिस्ट्रिब्युटरमध्ये ती आरपीएमबरोबर हळूहळू सरकायला हवी, आतली फिरती वजनं वेगाने बाहेर पडतात तसतशी. माझ्यात सगळा ॲडव्हान्स एकाच वेळी येतोय, म्हणजे चढाला कमी आरपीएमवर भार जास्त असतानाच ठिणगी फार लवकर पडतेय. खटखट तिथून येतेय.

१६ नोव्हेंबर, रविवार

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. काढताना क्लॅम्पचा बोल्ट सैल करू नका, क्लॅम्पची पट्टी ब्लॉकला धरणारे दोन स्क्रू काढा, म्हणजे परत बसवल्यावर टायमिंग जवळपास तेच राहतं. शाफ्टच्या खालची जीभ मध्यावर नाही, एका बाजूला सरकवलेली आहे, त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही, ही फार चांगली सोय आहे.

पॉइंटची प्लेट उचलली. खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग असायला हव्यात. एकच होती, जाड, आणि तिच्या टोकाला मुद्दाम ठेवलेली ढिलाई असते, ती उशिरा काम सुरू करते. पातळ स्प्रिंग, जी सुरुवातीला वजनं धरून ठेवते, ती तुटून तळाशी काळ्या ग्रीसमध्ये पडली होती.

हे कळायला टायमिंग लाइटसुद्धा लागत नाही. गाडी बंद असताना कॅप काढा, रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटाने थोडा पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने टचकन परत यायला हवा. माझा जिथे सोडला तिथेच राहत होता. दहा सेकंदांची तपासणी, ती पहिल्या दिवशी केली असती तर तीन आठवडे वाचले असते. या नोंदीतून कोणी एकच गोष्ट घेणार असेल तर ही घ्या.

अजून दोन गोष्टी निघाल्या. शाफ्ट आडवा हलवला तर स्पष्ट खेळ लागतो, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलाय, म्हणून खाच नाचत होती आणि म्हणून फीलरने लावलेली फटसुद्धा एका कॅमला वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी येत होती. आणि प्लेटला अर्थ देणारी छोटी विणलेली वायर, तिच्या पाच-सहा तारा सोडून बाकी सगळ्या तुटलेल्या. सपाट रस्त्याला हलक्या पायाने चालवताना गाडी मधेच मिसिंग करायची ते याच्यामुळे असणार, कारण तेव्हाच व्हॅक्युम प्लेटला ओढतो आणि वायर ताणली जाते. व्हॅक्युमचा डायफ्राम तपासला, नळी तोंडात धरून हवा ओढली, जीभ लावून धरली, प्लेट सरकली आणि तिथेच थांबली. म्हणजे तो चांगला आहे.

१८ ते २२ नोव्हेंबर

स्प्रिंग सुट्टी मिळत नाही. तीन दुकानं फिरलो, एकाने मोपेडची लावायला दिली, ती घेतली नाही, स्प्रिंगच्या ताकदीवरच सगळा ॲडव्हान्स ठरतो, अंदाजाने लावायची वस्तू नाही ती. शेवटी भंगारातून जुना डिस्ट्रिब्युटर घेतला ७०० रुपयांना. बॉडीवर ठोकलेला नंबर बघून घ्या, बाहेरून सारखे दिसणारे डिस्ट्रिब्युटर आतून वेगळे असतात. पहिल्याचा नंबर जुळला नाही म्हणून सोडला, दुसऱ्याचा जुळला. त्याच्या दोन्ही स्प्रिंग आणि ती विणलेली वायर काढून घेतली.

बुशसाठी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथे लेथवर काय होत नाही असं नाही. पण शाफ्ट काढायचा तर खालच्या जीभेची पिन ठोकून काढावी लागते, आणि जीभ परत उलटी बसली तर रोटर अर्धा फेरा चुकणार, म्हणजे माझी २ तारखेची कथा परत. म्हणून आधीच जीभेवर आणि शाफ्टवर पंचने खूण करून दिली. लेथवाल्या काकांनी ती खूण बघितली आणि म्हणाले, "हे बरं केलंत, लोक असंच आणून टाकतात." बुश ते रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतात आणि मग दाबून बसवतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मिळालं. ४५० रुपये.

२३ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. वजनांच्या पिनला एक एक थेंब तेल, कॅमला बोटभर नाही, अगदी नखभर ग्रीस, रोटरच्या खाली शाफ्टच्या तोंडात दोन थेंब. जास्त तेल घातलं की ते पॉइंटवर उडतं आणि पॉइंट जळतात. नवे सीबी पॉइंट आणि कंडेन्सर, दोन्ही मिळून २८० रुपये, फीलर गेज १५०. फट पंधरा थाऊ, आता चारही कॅमला सारखी आली, बघून फार बरं वाटलं. प्लग साफ करून फट २५ थाऊ. बल्बवर ५ डिग्री.

गाडी मस्त चालू झाली. रंकाळ्याला एक फेरी मारली आणि परताळ्याजवळ बंद. थंड झाली की चालू, गरम झाली की बंद. मला वाटलं लेथचं काम बिघडलं, घरी आणून परत सगळा डिस्ट्रिब्युटर उघडला, तीन तास घालवले, काहीच नाही सापडलं. शेवटी आबा म्हणाले, "नवीन काय काय घातलंस? त्यातलं एकेक परत जुनं घाल." जुना कंडेन्सर लावला आणि गाडी तासभर न थांबता चालली. नवा कंडेन्सर गरम झाल्यावर जात होता. दुकानदाराने बदलून दिला, पण जुनाच ठेवलाय, बदललेला डिक्कीत.

३० नोव्हेंबर, रविवार

आधी संध्याकाळी लाइट लावून बघितलं होतं. खाच आता दगडासारखी स्थिर, आणि रेस वाढवली की सावकाश सरकत जाते. दोन्ही अवस्था डोळ्यांनी बघितल्यावर फरक कळतो.

आज पन्हाळा. पूर्ण इंजिन गरम करून, तोच रस्ता, वाघबीळच्या पुढचा तोच चढ, थर्डमध्ये साधारण ४० च्या वेगाला पाय पूर्ण दाबायचा आणि ऐकायचं. ५ ला अजिबात खटखट नाही. माझ्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमच्या टोकाशी खाचेदार गोल नट आहे, त्यावर ए आणि आर असे बाण, बॉडी न हलवता बारीक फरक करता येतो. थोडा ॲडव्हान्सला फिरवला, परत खाली येऊन तोच चढ. असं पाच वेळा खाली-वर झालं. पाचव्या वेळी पाय दाबल्यावर क्षणभर अगदी बारीक खटखट आली आणि वेग धरल्यावर गेली, तिथून थोडासा मागे घेतला. घरी येऊन लाइटवर बघितलं तर ५ आणि १० च्या मधे, ५ कडे जास्त. हल्लीचं पेट्रोल इथेनॉलवालं आहे, पुस्तक छापलं तेव्हाचं नाही, त्यामुळे पुस्तकाचा आकडा सुरुवातीला घ्यायचा आणि शेवट चढावर करायचा असं माझं मत झालंय.

ताईच्या दारापर्यंत थर्डमध्येच. काटा मध्यावर.

७ डिसेंबर, रविवार

खर्च: टायमिंग लाइट १,६५०, पॉइंट-कंडेन्सर २८०, बुश ४५०, भंगारातला डिस्ट्रिब्युटर ७००, फीलर गेज १५०. एकूण ३,२३०. लाइट पुढेही उपयोगाची आहे. टाकी फुल करून दोनदा मोजलं, आधी लिटरला ८ किलोमीटरच्या आसपास पडायचं, आता साडेदहा.

नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते, फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे येतं, त्यामुळे ८०० किलोमीटरला परत फट आणि मग बल्ब, दोन्ही बघणार आहे. आजचा किलोमीटरचा आकडा पॉइंटच्या खोक्यावर पेनाने लिहून ते फीलर गेजबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय.